फ्लॅटबेडवर माल बांधायला बेल्ट घेऊ की चेन? आणि "पाच टनी" म्हणजे नेमकं काय?

रिकामी_फेरी:

नमस्कार मंडळी. आजवर बंद बॉडीची गाडी चालवली, माल आत भरला, दार लावलं की झालं, बांधाबांधीशी फारसा संबंधच आला नाही. आता ४० फुटी फ्लॅटबेड, म्हणजे उघड्या सपाट डेकचा ट्रेलर घेतलाय, जुनाच आहे पण चासी ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यापासून कामं सुरू होतील, त्यात लाकडी फळ्यांची बंडलं, स्टीलचे पाइप आणि अधूनमधून एखादं छोटं एक्स्कॅव्हेटर असं सगळंच असणार.

ट्रेलरसोबत सहा रॅचेट बेल्ट, दोन गंजलेल्या चेन आणि दोन लिव्हर बाइंडर (दांडा दाबून चेन आवळायचे) मिळालेत. बेल्टवर लेबल कुठेच नाही, उन्हाने रंग उडालाय, पण ओढून बघितले तर मजबूत वाटतात. नवीन बघायला गेलो तर दुकानदार म्हणाला हा पाच टनी बेल्ट आहे, बिनधास्त घ्या. मग मी हिशोब केला की दहा टन माल असेल तर पाच टनी दोन बेल्ट पुरतील, सेफ्टीला अजून दोन टाकू, म्हणजे झाले चार. पण रात्री विचार करत बसलो, एवढं सोपं असतं तर रस्त्यावर मोठ्या ट्रेलरवर आठ-आठ दहा-दहा बेल्ट मारलेले का दिसतात?

पैसे एकदाच घालायचेत आणि योग्य जागी घालायचेत. माझ्या ट्रेलरवरून काही निसटून मागच्या माणसाच्या अंगावर जाऊ नये एवढंच डोक्यात आहे. काय घ्यावं, किती घ्यावं, आणि मुख्य म्हणजे आधी काय घ्यावं?

वजनकाटा:

हिशोब चुकलाय, आणि बहुतेकांचा तो नेमका इथेच चुकतो, म्हणून विचारलंत ते फार बरं केलंत.

आधी तो "पाच टन" बघू. युरोपियन पद्धतीच्या ५० मिलिमीटर बेल्टच्या लेबलवर एलसी (बांधणीची क्षमता) २५०० डीएएन असं छापलेलं असतं, आणि बाजूला वेढ्याचं चित्र काढून ५०००. एक डीएएन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. म्हणजे बेल्ट सरळ ओढला तर अडीच टन, आणि वस्तूला वेढा घालून दोन्ही पदरांवर भार आला तर पाच. दुकानात मोठा आकडा सांगतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मालाच्या वरून बेल्ट टाकून रॅचेटने आवळता तेव्हा हे दोन्ही आकडे जवळजवळ बिनकामाचे असतात. वरून मारलेला बेल्ट माल धरत नाही हो, तो माल खाली दाबतो. दाबल्यामुळे माल आणि डेक यांच्यातलं घर्षण वाढतं आणि माल धरून ठेवतं ते घर्षण. मग बेल्ट दाबतो किती? त्यासाठी त्याच लेबलवर एसटीएफ शोधा. रॅचेटच्या दांड्यावर हाताने ५० किलोचा जोर लावल्यावर बेल्टमध्ये जो ताण राहतो तो हा आकडा. साध्या छोट्या दांड्याच्या रॅचेटला तो ३०० च्या आसपास असतो, लांब दांड्याच्या, खाली ओढून आवळायच्या रॅचेटला ५०० पर्यंत. कुठे पाच हजार आणि कुठे तीनशे!

आता तुमचे दहा टन घ्या. जोराचा ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेला येतो असं धरायचं, बाजूला ०.५ पट आणि मागे ०.५ पट. हे आकडे युरोपच्या नियमातही तेच आणि अमेरिकेच्याही. समजा माल आणि डेकमधलं घर्षण ०.३ आहे, बेल्ट दोन्ही बाजूंनी अगदी उभे उतरतायत, रॅचेट ३०० चं आहे आणि मालाच्या पुढे टेकू काहीच नाही. ईएन १२१९५-१ या युरोपियन मानकाच्या सूत्रात घातलं की उत्तर येतं ३५ बेल्ट. पस्तीस! आता खाली रबरी अँटी-स्लिप मॅट टाका, घर्षण ०.६ झालं, तर उत्तर येतं ७. माल तोच, बेल्ट तेच, रस्ता तोच. आणि मॅट नाही पण माल हेडबोर्डला, म्हणजे डेकच्या पुढच्या टोकाच्या उभ्या भिंतीला घट्ट टेकलाय, हेडबोर्डही तेवढा जोर सोसणारा आहे, तर पुढचा प्रश्न मिटतो, फक्त बाजूचा आणि मागचा राहतो आणि त्याला १२ लागतात.

म्हणून आधी काय घ्यावं याला माझं उत्तर बेल्टही नाही आणि चेनही नाही. आधी रबरी मॅट घ्या, पुढे टेकू द्यायला चौकोनी लाकडं आणि पाचरी घ्या, आणि एक चांगला कडक झाडू घ्या. झाडू मनापासून सांगतोय, डेकवर वाळू, भुसा, तेल, पाणी, बर्फ असेल तर वरचे ०.३ सुद्धा मिळत नाहीत आणि मॅटसुद्धा धुळीवर घसरते. मॅट मालाच्या प्रत्येक टेकणाऱ्या जागेखाली हवी, आणि माल मॅटवरच टेकायला हवा, एका कोपऱ्यात जरी थेट डेकवर टेकला तरी हिशोब बिघडला.

अजून एक, बेल्ट जेवढा उभा तेवढा तो दाबतो. माल बुटका आणि अरुंद असेल, डेकच्या मधोमध ठेवला असेल, तर बेल्ट आडवा होत जातो. ३० अंशावर त्याचा दाब निम्मा होतो. बुटक्या मालावर बेल्ट वाढवत बसण्यापेक्षा बांधायची पद्धतच बदलावी लागते.

डेकवरचा:

वजनकाटा यांनी सांगितलं ते कागदावरचं, मी हातातलं सांगतो, एकवीस वर्षं उघड्या डेकवर गेलीत.

भाऊ, ते बिनलेबलचे सहा बेल्ट आजच कापून टाका. नुसते बाजूला ठेवू नका, कापा, नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी तेच उचलून मारेल. ओढून मजबूत वाटतो याला काही अर्थ नाही, उन्हाने खाल्लेला बेल्ट हाताला कडक, वाळक्या पानासारखा लागतो आणि वाकवला की वरचे धागे पिसासारखे उभे राहतात. तुमचा रंग उडालाय म्हणताय म्हणजे तो झालाच.

बेल्ट की चेन याचं साधं उत्तर असं की माल बघून ठरवा. लाकूड, पॅकिंग केलेला माल, रंग दिलेला माल, जे दाबल्यावर थोडं बसतं ते सगळं बेल्टने. यंत्रं, जड लोखंड, धारदार कडा, जिथे मालालाच हुक लावायची जागा आहे तिथे चेन. दोन्ही घ्यावे लागतील तुम्हाला. पण एकाच वस्तूवर एकाच कामाला दोन्ही मिसळू नका. बेल्ट ताणला जातो, चेन जवळजवळ ताणत नाही, मग झटका बसला की सगळा भार एकट्या चेनवर जातो आणि बेल्ट नुसता शोभेला राहतो. तुम्ही मनात चार मोजलेले असतात आणि प्रत्यक्षात काम दोघंच करतात.

कॉर्नर प्रोटेक्टर भरपूर घ्या, बेल्टच्या संख्येच्या दुप्पट तरी. हे मी सोसून शिकलोय. एकदा स्टीलच्या प्लेटा भरलेल्या, बेल्ट नवेकोरे, कडेला घडी घालून गोणपाट ठेवलेलं. साधारण तासाभराने थांबलो आणि सवयीने खालून बोट फिरवलं तर दुसऱ्या बेल्टला कडेवर करवतीने कापल्यासारखी चीर, बेल्टची जवळजवळ निम्मी रुंदी गेलेली. वरून बघितलं तर बेल्ट ताठ, काहीच कळत नव्हतं. गोणपाटाला आरपार भोक पडलेलं. गाडी चालताना बेल्ट कडेवर सतत बारीक बारीक घासत असतो, सूत-सूत पुढे मागे, तेवढं पुरतं. त्या दिवसापासून कडा असेल तिथे कडक प्लॅस्टिकचा नाहीतर धातूचा कोपरा असल्याशिवाय मी बेल्ट टाकतच नाही. त्याचा दुसरा फायदा म्हणजे बेल्ट कोपऱ्यावरून सरकतो आणि ताण पलीकडच्या बाजूलाही पोचतो. नाहीतर रॅचेटच्या बाजूला टणटण वाजतो आणि पलीकडे ढिला. म्हणूनच मी रॅचेट एकाआड एक बाजूला लावतो, एक डावीकडून आवळला तर पुढचा उजवीकडून.

आणि बेल्टला गाठ कधीच मारायची नाही. लांब असेल तर राहिलेला पदर गुंडाळून बांधा. रॅचेटच्या स्पिंडलवर किमान दोन वेढे तरी बसू द्या आणि खूप जास्तही नकोत, नाहीतर जाड गोळा होतो आणि रॅचेट नीट धरत नाही.

रिकामी_फेरी:

दोघांचेही आभार, डोळेच उघडले. बेल्ट कापले आत्ताच, एक तर कात्रीने कापताना भुसा पडावा तसे धागे पडले.

दोन गोष्टी अजून. पाइपचं काय करू, ते गोल असतात, मॅटवर ठेवले तरी गडगडणारच ना? आणि एक्स्कॅव्हेटर साधारण पाच टनाचं असेल. त्याला किती चेन, किती जाडीच्या? लिव्हर बाइंडर आहेत ते चालतील का, एक जण म्हणाला त्याने हात मोडतो.

जड_माल:

एक्स्कॅव्हेटरचं मी सांगतो, माझं रोजचं तेच काम आहे.

चार चेन, चार कोपऱ्यांना, प्रत्येक वेगळी. अमेरिकेच्या नियमात साडेचार टनांच्या वरच्या चाकांच्या किंवा पट्ट्यांच्या यंत्राला किमान चार स्वतंत्र बांधण्या सांगितल्यात, पण त्याखालच्या वजनालाही मी चारच मारतो. चेन यंत्राच्या वरून टाकायची नसते, यंत्राला बांधण्यासाठी दिलेल्या कड्यांपासून थेट डेकच्या डी-रिंगपर्यंत (हुक लावायच्या कडीपर्यंत) न्यायची. पुढच्या दोन पुढे आणि बाहेर, मागच्या दोन मागे आणि बाहेर, म्हणजे कुठल्याही बाजूला सरकायला गेलं की त्याला अडवायला दोन चेन आहेतच. बूम आणि बकेट खाली टेकवून त्याला वेगळी पाचवी चेन. हायड्रॉलिकवर विसंबून बकेट हवेत ठेवू नका. पार्किंग ब्रेक लावा, वरचा भाग फिरू नये म्हणून लॉक असेल तर लावा, ट्रॅकच्या खाचांमधला चिखल आधी काढा. चिखलाच्या थरावर उभं केलेलं यंत्र चिखल वाळला की थोडं खाली बसतं आणि चारही चेन ढिल्या पडतात.

चेन घेताना एक फार मोठा घोळ आहे तो नीट वाचा. युरोपियन पद्धतीत १० मिलिमीटर, ग्रेड ८ चेनच्या पट्टीवर एलसी ६३ किलोन्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे सहा टनांच्या वर. अमेरिकन पद्धतीत जवळजवळ त्याच जाडीच्या, ३/८ इंची ग्रेड ७० चेनवर डब्ल्यूएलएल (कामाच्या भाराची मर्यादा) ६६०० पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे तीन टन. बघणाऱ्याला वाटतं पहिली दुप्पट मजबूत आहे. तसं नाही. पहिलीत तुटायच्या भाराच्या निम्मा आकडा छापतात, दुसरीत एक चतुर्थांश. तुटायचा भार दोन्हीचा बराचसा जवळपास आहे. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या नियमात घालू नका, नाहीतर निम्म्या चेनवर माल जाईल. तुमच्या भागात कुठला नियम लागू आहे त्याच पद्धतीचं सगळं सामान घ्या, चेन, हुक, बाइंडर सगळं. बाइंडरवर स्वतःचं रेटिंग असतं आणि सगळ्यात कमजोर तुकड्याचं जे रेटिंग तेच पूर्ण बांधणीचं.

ज्या चेनच्या कडीवर ग्रेडचा शिक्का नाही ती माल बांधायला नाहीच, कितीही जाड असो. गंज वरवरचा असेल तर घासून शिक्का दिसतो का बघा. दिसला तर प्रत्येक कडी हातातून काढा, एखादी लांबट झालीय का, खाच पडलीय का, आतल्या बाजूला जिथे कडीवर कडी घासते तिथे पातळ झालीय का. दोन शेजारच्या कड्या सहज वाकत नसतील, अडकत असतील तर चेन ताणली गेलीय. वेल्ड करून जोडलेली कडी दिसली तर ती चेन बाद.

लिव्हर बाइंडरचं खरं आहे. तो दाबून बंद केला की सगळा ताण दांड्यात साठलेला असतो, उघडताना तो दांडा परत उसळतो आणि समोर हनुवटी, हात जे असेल त्याला लागतो. वर पाइप घालून दांडा लांब करून आवळणारे तर स्वतःहून संकट बोलावतात. रॅचेट बाइंडर घ्या, स्क्रूने हळूहळू आवळतो आणि हळूहळूच सोडतो, ताणही हवा तेवढा बारीक जुळवता येतो. थोडा जड आहे, वेळ जास्त लागतो, पण माझ्याकडे आता लिव्हरवाला एकही नाही.

पाइपवाला:

पाइपचं मी सांगतो, हा माल दिसायला साधा पण सगळ्यात दगाबाज. बेल्ट वरून दाबतो तेव्हा वरचे पाइप दबतात, मधले तसेच राहतात. घट्ट आवळलेल्या गठ्ठ्याच्या मधला एक पाइप ब्रेकच्या झटक्याने भाल्यासारखा पुढे निघू शकतो आणि पुढे केबिन आहे. म्हणून पाइप नेताना हेडबोर्ड मजबूत हवाच, आणि पाइपची टोकं त्याला टेकलेली हवीत, मध्ये हातभर मोकळी जागा नको. पाइप हेडबोर्डपेक्षा उंच रचू नका.

बाजूने अडवायला डेकच्या कडेच्या खोबणीत उभे खुंट लावायचे आणि माल खुंटांच्या उंचीच्या आत ठेवायचा. बंडल असेल तर आधी बेल्ट बंडलच्या भोवती पूर्ण गुंडाळून वेढा घालायचा, एक वेढा डावीकडे ओढणारा, दुसरा उजवीकडे ओढणारा, अशा जोड्या. इथे मात्र वजनकाटा म्हणतात तो एलसीचा आकडा कामाला येतो, कारण बेल्ट इथे खरोखर धरतोय. मग त्यावरून सरळ बेल्ट.

थरांमध्ये लाकूड घालता ते आयताकृती असेल तर रुंद बाजूवर आडवं झोपवायचं, कडेवर उभं नाही. उभं लाकूड झटक्याला कलंडतं आणि ते कलंडलं की वरचा अख्खा थर एका क्षणात तेवढा खाली येतो, बेल्ट सगळे लोंबकळतात. मी हे दुसऱ्याच्या गाडीवर रस्त्याच्या कडेला डोळ्यांनी बघितलंय, सात बेल्ट होते आणि एकही ताठ नव्हता. ड्रायव्हर बिचारा म्हणत होता निघताना मी सगळे वाजवून बघितले होते. बघितलेही असतील, पण खालचं लाकूड उभं होतं.

सुताचा_दोर:

बेल्टच्या कापडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लेबलचा रंग बघा, निळं म्हणजे पॉलिएस्टर, हिरवं नायलॉन, तपकिरी पॉलिप्रॉपिलीन. माल बांधायला पॉलिएस्टरच घ्या, ते कमी ताणतं आणि पाणी फारसं पीत नाही. नायलॉन जास्त ताणतं, त्यात ओलं झालं की ताकद थोडी घटते. केमिकलचा माल नेणार असाल तर हे लक्षात ठेवा की पॉलिएस्टरला आम्लारी (अल्कली) चालत नाहीत आणि नायलॉनला आम्ल. ओले बेल्ट तसेच पेटीत कोंबू नका, सावलीत टांगून वाळवा. वाळू शिरलेला बेल्ट साध्या पाण्याने धुवा, वाळूचे कण आतून धागे कापतात.

आणि ताडपत्री ही बांधणी नव्हे. ती पाऊस-धूळ अडवते, माल नाही. ताडपत्रीच्या दोऱ्या मोजून "भरपूर बांधलंय" म्हणणारे बघितलेत म्हणून मुद्दाम सांगतो.

रिकामी_फेरी:

सगळ्यांचे मनापासून आभार, असं कुणी समोर बसून सांगितलं नसतं. माझं आता असं ठरलंय, चुकत असेल तर सांगा. पहिल्यांदा रबरी मॅट आणि चौकोनी लाकडं. मग लांब दांड्याचे, एसटीएफ ५०० वाले ५० मिलिमीटर पॉलिएस्टर बेल्ट बारा, त्याला चोवीस कॉर्नर. पाच चेन एकाच ग्रेडच्या, शिक्का बघून, आणि पाच रॅचेट बाइंडर. खुंट बनवून घेतोय, खोबण्या ट्रेलरला आहेतच. जुन्या चेन घासल्या, एकीवर शिक्का निघाला पण तीन कड्या आतून पातळ झाल्यात, दुसरीवर शिक्काच नाही. दोन्ही बाद.

एकच शंका राहिली. डी-रिंग ट्रेलरला मूळच्याच आहेत पण त्यांचं रेटिंग कुठे दिसत नाही. सगळं चांगलं सामान घेऊन शेवटी हुक लावायचा त्या कडीलाच ना?

जड_माल:

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ट्रेलर बनवणाऱ्याच्या प्लेटवर किंवा कागदात प्रत्येक बांधणी बिंदूचा आकडा असतो, चासी नंबर देऊन मागा, मिळतो. तो हातात येईपर्यंत एक्स्कॅव्हेटर घेऊ नका, फळ्यांनी सुरुवात करा. आणि डी-रिंगभोवतीचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून वेल्ड बघा, रंगाच्या खाली केसासारखी बारीक रेघ असते, गंजाची तांबूस धार त्यातून बाहेर आलेली दिसते. माझ्या जुन्या ट्रेलरला अशा दोन निघाल्या होत्या, दोन्ही उजव्या बाजूच्या मागच्या. कडी ओढून आत-बाहेर हलवून बघा, डगडग असेल तर तिथलं पुन्हा करून घ्या आणि ते करणारा चासीचं वेल्डिंग जाणणाराच असू द्या.

डेकवरचा:

यादी चांगली आहे भाऊ. चेन पाचऐवजी सहा घ्या, एक सुटी असू द्या, रस्त्यात एखादी कडी खराब निघाली तर अर्ध्यात अडकाल.

पहिल्या फेरीला निघालात की साधारण पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा थांबा. अमेरिकेत तर नियमातच ५० मैल लिहिलंय, मी त्याच्याही आधी थांबतो, पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला, कारण लाकूड तेवढ्यात बसतं. प्रत्येक बेल्टखाली बोट घालून बघा, दोन्ही बाजूंनी. फळ्यांवर तर पहिल्या थांब्याला रॅचेटचे दोन-तीन दात हमखास मिळतात. त्यानंतर दर दोन-अडीच तासांनी, आणि खड्ड्यांचा रस्ता किंवा एखादा जोराचा ब्रेक झाला असेल तर लगेच पुढच्या सोयीच्या जागी. पहिला माल भरला की फोटो टाका इथे, बाजूने आणि मागून, आम्ही बघतो.